टिन डायऑक्साइडच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉन नेमके कुठे असतात? ‘ऑक्सिजन रिक्तते’विषयी एक शंका

अंजनेरी_२२

नमस्कार. मी नाशिकमध्ये एमएस्सी भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात असून माझा प्रकल्प टिन डायऑक्साइडच्या थिक फिल्मवर, म्हणजे वायू ओळखणाऱ्या संवेदकाच्या जाडसर थरावर आहे. अ‍ॅल्युमिनाच्या पट्टीवर स्क्रीन प्रिंटिंगने थर चढवायचा, मफल फर्नेसमध्ये तो ५५० अंश सेल्सिअसला भाजायचा आणि मग ३०० अंशांवर तापवून इथेनॉलच्या वाफेत त्याचा रोध किती उतरतो ते मोजायचे, असे कामाचे स्वरूप आहे. मोजमापे बरी येतात. घोडे अडते ते प्रबंधाच्या ‘चर्चा’ या प्रकरणात.

वाचलेल्या बहुतेक शोधनिबंधांत एक ठरीव वाक्य आढळते: पृष्ठभागावरील ऑक्सिजन रिक्तता (ऑक्सिजनचा अणू निघून गेल्याने रिकाम्या पडलेल्या जागा) वाढल्या, त्यामुळे मुक्त इलेक्ट्रॉन वाढले आणि म्हणून संवेदकाचा प्रतिसाद वाढला. पुराव्यादाखल एक्सपीएसमधील (क्ष-किरणांनी अणूतून उडवलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजण्याच्या तंत्रातील) ऑक्सिजन १एसच्या, म्हणजे सर्वांत आतल्या पातळीच्या, रेषेची दोन शिखरांत फोड करून दाखवलेली असते. ५३० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचे शिखर जालकातील ऑक्सिजनचे आणि ५३१.५ च्या आसपासचे रिक्ततांचे. मीही तसेच केले. परंतु माझ्याकडील दोन नमुन्यांपैकी जो नवा, भट्टीतून नुकताच काढलेला होता, त्यात दुसरे शिखर लहान आले आणि जो आषाढापासून दोन महिने प्रयोगशाळेतील कपाटात नुसता पडून होता, त्यात ते जवळजवळ दीडपट मोठे आले. हवेत राहून रिक्तता भरून निघायला हव्यात. त्या वाढतील कशा? टॉक आलेखावरून (प्रकाशशोषणाच्या मोजमापावरून) काढलेली बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी भरलेला व्हॅलन्स बँड आणि त्याच्या वरचा, वहनाचा कंडक्शन बँड यांतले ऊर्जेचे अंतर, मात्र दोन्ही नमुन्यांत सारखीच, सुमारे ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे.

मार्गदर्शकांना विचारले असता “सगळे असेच लिहितात, तुम्हीही लिहा” असे उत्तर मिळाले. ते वैतागून म्हणाले असतील, पण माझे समाधान झाले नाही. रिक्ततेमुळे मागे राहिलेले इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर नेमके कोणत्या अवस्थेत राहतात आणि ते वहनाला उपयोगी पडतात की नाही, हे कोणी समजावून सांगू शकेल का?

गोदाकाठी

तुमच्या कपाटातील नमुन्याने तुम्हाला खरे उत्तर आधीच दिलेले आहे, ते फक्त शिखरावर चिकटवलेल्या नावामुळे दिसेनासे झाले आहे. एक्सपीएसमध्ये आपण मोजतो तो अणूमधून बाहेर फेकला गेलेला इलेक्ट्रॉन. जो ऑक्सिजन जागेवर नाहीच, तो १एस पातळीतील इलेक्ट्रॉन कुठून देणार? ५३१.५ च्या आसपासचे शिखर बहुतांशी पाण्यापासून बनणाऱ्या हायड्रॉक्सिल गटांचे आणि काही अंशी हवेतून चिकटलेल्या कार्बनयुक्त संयुगांतील ऑक्सिजनचे असते. नाशिकच्या आषाढ-श्रावणातील ओल दोन महिने खाल्लेल्या नमुन्यावर ते वाढले नसते तरच आश्चर्य. रिक्ततेच्या शेजारच्या ऑक्सिजनची रेषा सरकते, असा बचाव कधीकधी केला जातो. पण तो करताना हायड्रॉक्सिल वगळल्याचा पुरावा जोडलेला मी क्वचितच पाहिला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. रिक्तता म्हटले की मुक्त इलेक्ट्रॉन हे समीकरण पाठ करण्याऐवजी प्रत्येक ऑक्साइडला एकच प्रश्न विचारावा: ऑक्सिजनचा अणू उदासीन होऊन निघून गेल्यावर त्याच्या ऋण आयनाकडील जे दोन इलेक्ट्रॉन मागे उरतात, त्यांना राहायला सर्वांत कमी ऊर्जेची जागा कोणती आहे? तीन ऑक्साइड घेतले तर तीन वेगळी उत्तरे मिळतात.

मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये धातूच्या रिकाम्या पातळ्या फार वर आहेत. त्यामुळे दोन्ही इलेक्ट्रॉन रिकाम्या झालेल्या खळग्यातच अडकून राहतात. भोवतीच्या धन आयनांचे विभव त्यांना तिथे धरून ठेवते. त्यालाच एफ-केंद्र म्हणतात. स्फटिकाला त्यामुळे रंग येऊ शकतो, पण वीज वाहत नाही.

टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये टायटॅनियमचे ३डी कक्षक (इलेक्ट्रॉन राहण्याच्या जागा) रिकामे असून तेच कंडक्शन बँडचा तळ बनवतात. मागे राहिलेले इलेक्ट्रॉन तिथे जातात, परंतु पूर्ण मोकळे होत नाहीत. टायटॅनियमच्या आयनावर बसून त्याची संयुजा चारवरून तीन करतात, भोवतीचे जालक थोडे विकृत करतात आणि बँड गॅपच्या आत, कंडक्शन बँडच्या तळाखाली सुमारे १ इलेक्ट्रॉनव्होल्टवर एक अवस्था तयार होते. रुटाइलचा (टायटॅनियम डायऑक्साइडच्या एका स्फटिकरूपाचा) पारदर्शक स्फटिक निर्वातात तापवला तर तो आधी फिकट निळा आणि पुढे गडद निळा होत जातो. एकदा हातात घेऊन पाहिलेला तो निळा तुकडा कुठल्याही आकृतीपेक्षा जास्त लक्षात राहतो.

याच रुटाइलच्या (११०) पृष्ठाची, म्हणजे स्फटिक एका ठरावीक दिशेने कापल्यावर मिळणाऱ्या पृष्ठाची, एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्या पृष्ठावर पुलासारख्या बसलेल्या ऑक्सिजनच्या रांगा उठून वर आलेल्या असतात आणि त्यांच्या मधल्या घळींत पाचच शेजारी असलेल्या टायटॅनियमच्या रांगा असतात. एसटीएमने (पृष्ठाजवळून बारीक सुई फिरवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने) रिकाम्या अवस्थांचे चित्र घेतले की उंचावरचा ऑक्सिजन काळा दिसतो आणि खालचा टायटॅनियम उजळ दिसतो, कारण सुईतील इलेक्ट्रॉन शिरतात ते टायटॅनियमच्या रिकाम्या ३डी अवस्थांत. ते चित्र अणूंच्या उंचीचे कमी आणि इलेक्ट्रॉनांच्या रचनेचे अधिक असते. बँड गॅपमधल्या त्या १ इलेक्ट्रॉनव्होल्टवरच्या अवस्थेचे श्रेय पुलावरच्या रिक्ततांना द्यावे की पृष्ठाखाली शिरलेल्या जादा टायटॅनियम आयनांना, यावर २००८ पासून जोरदार वाद झाला. म्हणजे सर्वाधिक अभ्यासलेल्या पृष्ठाबाबतही ‘रिक्तता’ हा शब्द सैलपणे वापरून चालत नाही.

तुमच्या टिन डायऑक्साइडची स्फटिकरचना रुटाइलचीच आहे, पण स्वभाव निराळा आहे. इथे कंडक्शन बँडचा तळ मुख्यतः टिनच्या ५एस कक्षकांचा असतो. ते पसरट असल्याने त्यातला इलेक्ट्रॉन सहज हिंडतो. म्हणूनच हे द्रव्य पारदर्शक असूनही बऱ्यापैकी वाहक होऊ शकते. शिवाय टिनला चार आणि दोन अशा दोन्ही संयुजा मानवतात, आणि खरी मेख तिथे आहे. (११०) पृष्ठावरील पुलाचा ऑक्सिजन काढला की दोन इलेक्ट्रॉन मिळून शेजारच्या टिनची संयुजा चारवरून दोन होते, ते ५एसच्या एकाकी जोडीच्या (बंधात भाग न घेणाऱ्या दोन इलेक्ट्रॉनांच्या) रूपाने स्थिरावतात आणि त्यांच्या अवस्था बँड गॅपच्या खालच्या भागात, व्हॅलन्स बँडच्या माथ्यालगत येतात. कंडक्शन बँडपासून त्या इतक्या दूर असतात की ३०० अंशांवरही तिथला इलेक्ट्रॉन वर चढण्याची शक्यता नगण्य असते. म्हणजे ज्या पृष्ठीय रिक्ततेला निबंधांत मुक्त इलेक्ट्रॉनांची जननी ठरवले जाते, ती या पृष्ठावर बऱ्याच वेळा वहनाला काहीच देत नाही. वहनाचे इलेक्ट्रॉन येतात ते कणाच्या अंतर्भागातील दात्यांकडून, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या दोषांकडून किंवा अशुद्धींकडून; ते दाते म्हणजे आतल्या रिक्तता की नकळत शिरलेला हायड्रोजन, हाही चर्चेचा विषय आहे.

मग ऑक्सिजन करतो काय? हवेतील ऑक्सिजनचा रेणू पृष्ठावर बसून आतल्या भागातून इलेक्ट्रॉन ओढून घेतो. पृष्ठावर ऋण प्रभार साचतो, त्याच्या आतल्या बाजूला इलेक्ट्रॉनरहित पट्टा तयार होतो आणि ऊर्जापट्टे पृष्ठाकडे जाताना वर वाकतात. अंक घालून पाहा. दात्यांची घनता दर घन सेंटिमीटरला १० चा १८ वा घात, परावैद्युतांक १३ आणि पृष्ठावरील अडथळा ०.७ व्होल्ट धरला, तर रिकाम्या पट्ट्याची जाडी सुमारे ३२ नॅनोमीटर येते. त्या पट्ट्यातून पृष्ठावर गेलेले इलेक्ट्रॉन दर चौरस सेंटिमीटरला १० च्या १२ व्या घाताच्या साधारण तिप्पट भरतात. पृष्ठावर अणू असतात १० चा १५ वा घात इतके. म्हणजे दर हजार अणूंमागे जेमतेम तीन प्रभारित ऑक्सिजन एवढा सगळा फरक घडवतात. त्यांहून जास्त बसू लागले तर अडथळाच इतका वाढतो की पुढच्या इलेक्ट्रॉनाला पृष्ठापर्यंत येणे परवडत नाही.

इथेनॉल आले की ते या ऑक्सिजनाशी अभिक्रिया करते, अडकलेला इलेक्ट्रॉन आत परततो आणि अडथळा उतरतो. ३०० अंशांवर औष्णिक ऊर्जा सुमारे ०.०४९ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. कणाकणांमधील अडथळा केवळ ०.१ इलेक्ट्रॉनव्होल्टने उतरला तरी वहन सात-आठ पट वाढते. यात बँड गॅपला कुठेही हात लागलेला नाही, हे लक्षात घ्या. टॉक आलेखात प्रकाश संपूर्ण थरातून जातो आणि त्यात वरच्या एका अणुथराचा वाटा जवळपास शून्य असतो, म्हणून तुमचे दोन्ही आकडे सारखे आले.

पृष्ठाची बँड गॅप वेगळी असू शकते, हा मुद्दा स्वतंत्र आहे. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये आत ७.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट असलेले अंतर (१००) पृष्ठावर सुमारे ६.२ पर्यंत उतरलेले आढळते. दुहेरी ऋण प्रभाराचा ऑक्सिजन एकटा टिकतच नाही. त्याला दुसरा इलेक्ट्रॉन धरून ठेवायला लावते ते जालकातील सर्व आयनांचे मिळून होणारे मॅडेलुंग विभव, आणि पृष्ठावर शेजारी कमी असल्याने ते सुमारे ४ टक्के घटते. टक्के कमी वाटतात, पण विभव स्वतःच वीसएक व्होल्टच्या घरातले असल्याने त्याचा परिणाम कमी नसतो.

सातपूर_बेंच

सरांनी सिद्धान्त सांगितला आहे, मी टेबलावरचे सांगतो. गेली काही वर्षे मी गॅसगळतीचे इशारायंत्र दुरुस्त करतो आणि त्यात बहुतेक वेळा टिन डायऑक्साइडचाच मणी असतो. संशोधक टागुची यांनी १९६२ मध्ये जपानमध्ये ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याच वंशातला हा संवेदक. जून उलटला की कोरड्या हवेत ठरवलेला रोध खाली यायला लागतो आणि गॅस नसताना भोंगा वाजल्याच्या तक्रारी येतात. पाण्याचा रेणू पृष्ठावर फुटून हायड्रॉक्सिल बनवतो आणि त्याचा परिणाम इलेक्ट्रॉन परत दिल्यासारखाच दिसतो. म्हणून महिनाभर बंद असलेला संवेदक लावल्या लावल्या मोजू नये. एमक्यू या वायू-संवेदकांच्या मालिकेच्या माहितीपत्रकातही २४ तासांहून अधिक काळ हीटर चालू ठेवा असे लिहिलेले असते, ते उगाच नाही.

एक फसगतही सांगतो, कारण ती नेमकी याच विषयातली आहे. दिंडोरी तालुक्यातील एका वायनरीत, नाव देत नाही, आंबवण्याच्या टाकीवरच्या मोकळ्या जागेत इथेनॉल मोजायला मी त्याच मालिकेतला एमक्यू-३ बसवला होता. रोध धाडकन उतरला आणि वरच येईना. मी तो आकडा इथेनॉलचा समजून लिहून दिला. पुढे कोणीतरी लक्षात आणून दिले की द्राक्षाचा रस आंबत असताना टाकीवर कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो आणि ऑक्सिजन जवळपास नसतोच. कार्बन डायऑक्साइडला हा संवेदक फारसा दाद देत नाही हे मला पाठ होते. पण त्याने ऑक्सिजन हाकलून लावला की इलेक्ट्रॉन ओढून धरणाराच उरत नाही, याचा विचार मी केला नव्हता. इथेनॉल किती होते ते त्या आकड्यावरून आता सांगता येणार नाही. त्यानंतर मी वाफेचा मोजका भाग पंपाने ओढून ताज्या हवेत मिसळतो आणि मगच मोजतो.

अंजनेरी_२२

दोघांचेही मनापासून आभार. हजारात तीन हा आकडा वाचून मी वही काढली आणि दात्यांची घनता शंभरपट करून गणित पुन्हा केले. पट्टा ३ नॅनोमीटरवर आला. माझ्या थरातील कण क्ष-किरण विवर्तनावरून २५ नॅनोमीटरचे आहेत. म्हणजे घनता कमी असेल तर माझे कण आरपार रिकामे आणि जास्त असेल तर फक्त सालीपुरते रिकामे, असा अर्थ घ्यावा का? दुसरे म्हणजे, ५३१.५ चे शिखर सोडून द्यायचे तर टिनची संयुजा दोन झाल्याचे दाखवायचे कशावरून? टिनच्या ३डी रेषेत मला एकच शिखर दिसते.

चांदवड

मी या पृष्ठांची संगणकीय आकडेमोड करते, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाला हात घालते. टिनच्या ३डी रेषेवर विसंबू नका. चार आणि दोन या संयुजांमध्ये तिचे स्थान अर्ध्या-पाऊण इलेक्ट्रॉनव्होल्टनेच बदलते आणि फर्मी पातळी (इलेक्ट्रॉन कुठवर भरले आहेत ती ऊर्जा) हलली की तेवढा सरक आपोआपही येतो. त्याऐवजी त्याच एक्सपीएस यंत्रावर शून्य ते १५ इलेक्ट्रॉनव्होल्टचा व्हॅलन्स बँड सावकाश, जास्त वेळ देऊन मोजून घ्या. एकाकी जोडी असेल तर व्हॅलन्स बँडच्या माथ्यावर, बँड गॅपमध्ये शिरणारी एक खांद्यासारखी उंची दिसते. ऑक्सिडीभूत पृष्ठावर ती नसते. हेलियमच्या २१.२ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्रकाशाने यूपीएस (क्ष-किरणांऐवजी अतिनील प्रकाशाने तेच मोजमाप) करता आले तर आणखी चांगले, कारण ते वरच्या एक-दोन थरांपुरतेच पाहते. मात्र हवेतून आणलेल्या नमुन्यावर यूपीएसला घाणच अधिक दिसते.

निबंधांत दाखवलेल्या डीएफटीच्या (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून केलेल्या संगणकीय आकडेमोडीच्या) आकृत्याही जपून वाचा. तिच्यातल्या साध्या पीबीई पद्धतीत टिन डायऑक्साइडची बँड गॅप ३.६ ऐवजी १ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी येते. गॅपच एवढी आकसली की तिच्यात ‘रिक्ततेची अवस्था कंडक्शन बँडला चिकटलेली आहे’ या विधानाला किती किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा. टायटॅनियम डायऑक्साइडवर तर हीच पद्धत मागे राहिलेला इलेक्ट्रॉन साऱ्या टायटॅनियमवर पातळ पसरवून टाकते आणि गॅपमधली अवस्था दाखवतच नाही. हा दोष सावरण्यासाठी हबर्डची दुरुस्ती घातली किंवा संकरित फलन वापरले की तो एका-दोन आयनांवर येऊन बसतो. रुटाइलच्या (११०) पृष्ठाचे आकडे आकडेमोडीत घेतलेल्या अणुथरांची संख्या सम की विषम यावरही हेलकावे खातात. मी स्वतः चार थरांवर समाधान मानून एकदा तोंडघशी पडले आहे.

गोदाकाठी

चांदवडताईंनी सांगितलेला व्हॅलन्स बँड जरूर मोजावा. एक पुस्ती जोडतो. मोजताना नमुन्यावर प्रभार साचून संपूर्ण वर्णपट सरकतो आणि तो आपण कार्बनची रेषा २८४.८ वर आणून जागेवर बसवतो. तो कार्बन हवेतून आलेला असल्याने ही खुंटी फार पक्की नाही. म्हणून व्हॅलन्स बँडच्या माथ्याचे निव्वळ स्थान न पाहता, माथा आणि टिनची ३डी रेषा यांतले अंतर पाहावे; सरक कितीही असला तरी ते बदलत नाही.

कणांविषयीचा तुमचा अर्थ बरोबर आहे. मात्र दात्यांची खरी घनता तुम्ही मोजलेली नाही, तेव्हा ‘२५ नॅनोमीटर असल्याने कण पूर्ण रिकामे’ असे प्रबंधात ठासून लिहू नका. हवेत रोध किती आणि कोरड्या नायट्रोजनमध्ये किती, हे एकाच तापमानाला मोजले तर पट्टा किती पातळ-जाड आहे याचा निदान अंदाज येईल. पृष्ठावरील ऑक्सिजन १५० अंशांच्या खाली रेणूच्या आणि वर अणूच्या रूपात असतो, असे पुस्तकांत छापलेले असते. तेही बरेचसे रोधाच्या मोजमापांवरून बांधलेले आहे, चालू संवेदकावर तो वर्णपटात स्पष्ट पकडल्याचे दाखले थोडे आहेत. तेव्हा ‘असे मानले जाते’ एवढेच लिहावे.

आणि कपाटातील नमुना टाकून देऊ नका. त्याचे दोन तुकडे करा. एक आहे तसा ठेवा, दुसरा ५०० अंशांवर कोरड्या हवेत तासभर तापवा आणि गरम असतानाच डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) घालून एक्सपीएसला न्या. ५५० ला भाजलेला असल्याने ५०० ला त्याची रचना बदलणार नाही. हवेत तापवून रिक्तता वाढत नाहीत, हायड्रॉक्सिल मात्र जातात. शिखर घटले तर ते कोणाचे होते हे मार्गदर्शकांना वेगळे सांगावे लागणार नाही. ताज्या नमुन्याचेही शिखर शून्य येईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका, कारण भट्टीपासून यंत्रापर्यंतच्या वाटेवर थोडे पाणी बसतेच.

अंजनेरी_२२

सर, पट्टी आज हिऱ्याच्या कटरने कापली. कडेला थोडा थर निघाला, पण मधला भाग शाबूत आहे. एक्सपीएसची पाळी पुढच्या महिन्यात मिळाली असून त्या अर्जात व्हॅलन्स बँडचीही मागणी जोडली आहे. डेसिकेटरमधील सिलिका जेल ओल धरून गुलाबी झालेले दिसले, म्हणून तापवणे मी दोन दिवस पुढे ढकलून आधी ते ओव्हनमध्ये निळे व्हायला ठेवले आहे.